त्या दिवशी फोन हिसकायचा नाही

करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा मला बालाघाटच्या एका लहानशा खाजगी शाळेत शिकवायला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शाळा हिंदी माध्यमाची. मुलांशी हिंदी, पालकांशी हिंदी, शिक्षकांच्या खोलीतही हिंदीच. मराठी बोलायचो फक्त आम्ही दोघी. एक मी, आणि दुसऱ्या म्हणजे तिसरीच्या वर्गशिक्षिका. त्या माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठ्या. मुलं त्यांना बड़ी मैडम म्हणत, म्हणून मीही त्यांना मोठ्या बाई म्हणायला लागले. त्यांचं गाव हट्ट्याजवळ, माझं घर शहरातच, आणि आमचे दोघींचेही नातेवाईक वैनगंगेच्या पलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे पसरलेले. मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांची वऱ्हाडी वळणाची बोली ऐकून मला घरी आल्यासारखं वाटायचं.

शिक्षिका म्हणून मात्र मी त्यांना थोडी जुनाट समजत होते. हे आता लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. कॉम्प्युटर मला येत होता, इंग्रजी मला येत होतं. त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन होता आणि कापडी पिशवीत नेहमी खडू.

मोबाइलवर वर्ग घ्यायचे असं संचालकांनी ठरवलं, तेव्हा सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आली. तिसरीला पहिला अर्धा तास मोठ्या बाईंनी घ्यायचा, दुसरा मी. त्यांनी आपल्या मुलीकडून नवीन फोन मागवला आणि चार दिवस रोज माझ्याकडे शिकायला आल्या. घरापुढच्या छपरीत एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, दोघींच्या तोंडाला मास्क. मी सांगायची ते त्या वहीत लिहून घेत. एकदा ती वही माझ्या हाती आली. त्यात लिहिलं होतं, 'हिरवं बटन दाबणे. मंग थांबणे. पुन्हा नाही दाबणे.' मी हसले. त्याही हसल्या. पण पाचव्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्या वर्गात हजर होत्या आणि त्यानंतर एकही दिवस चुकल्या नाहीत.

त्यांची हजेरी घेण्याची तऱ्हा वेगळी होती. नाव पुकारलं की मुलानं 'येस मैडम' म्हणायचं नाही. आपल्या खिडकीतून किंवा दारातून त्या क्षणी काय दिसतंय ते सांगायचं. कुणी म्हणायचं, बकरी. कुणी म्हणायचं, दादी वाळलेली मिरची उलटवते आहे. एकीच्या घरासमोरून मलाजखंडच्या खाणीचे ट्रक जायचे, ती रोज ट्रक मोजून सांगायची. एकाला रोज फक्त भिंत दिसायची, तर बाई त्याला भिंतीवर आज काय बसलंय ते विचारायच्या. यात दहा-बारा मिनिटं जात. लोकांचा नेट संपतो, तुम्ही खिडक्या कशाला विचारत बसता, असं मी एकदा सुचवून पाहिलं. लेकरं घरात कोंडली आहेत, त्यांना बाहेर पाहायला कुणीतरी सांगायला हवं, एवढंच त्या म्हणाल्या आणि हजेरी तशीच चालू ठेवली.

आता माझ्या चुकीकडे येते.

रोज सकाळी नवी लिंक पाठवावी लागे. कुणाला ती उशिरा मिळे, कुणाला मिळतच नसे, आणि अकरा वाजले की माझा फोन वाजत राही. मग मी एक युक्ती केली. महिनाभर चालेल अशी एकच लिंक बनवली आणि ती माझ्या व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर लावून टाकली. वर्गाच्या ग्रुपमध्ये येण्याची लिंकही तिथेच ठेवली. कुणीतरी ती कॉलनीच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती आणखी कुठे गेली ते आजही मला माहीत नाही. पालकांचे फोन यायचे बंद झाले. संचालकांनी माझं कौतुक केलं. मलाही वाटलं, सोपं होतं की हे सगळं.

वर्गात कोण कोणत्या नावानं येईल याचा नेम नव्हता. मुलं घरातल्या ज्याच्या-त्याच्या फोनवरून यायची, त्यामुळे पडद्यावर 'पापा', 'किराना दुकान', 'मम्मी नया नंबर' अशी नावं दिसत. त्यात एके दिवशी मांजरीच्या पिल्लाचं चित्र आणि एका मुलीचं साधंसं नाव असलेला एक चौकोन आला. कॅमेरा बंद, आवाज बंद. मी लक्षही दिलं नाही.

चौथ्या दिवशी वर्ग संपल्यावर मोठ्या बाईंचा फोन आला.

"ते मांजरीचं चित्र कोणाचं आहे वो?"

मी म्हटलं, असेल कुणाची तरी बहीण, नाहीतर नवा नंबर. माइक खराब आहे असं तिनं लिहिलं होतं.

"तीन दिवस झाले, मी खिडकी विचारून राह्यली. एक दिवस माइक खराब, एक दिवस नेट नाही, आज तर विचारलं की निघूनच गेली. लेकरू असतं तर खोटं तरी सांगतलं असतं. लेकरं आकाशात हत्ती पाहतात."

मी प्रवेशाच्या फॉर्मवरचे नंबर आणि ग्रुपमधले नंबर एकेक करून जुळवले. मांजरीचा नंबर कुठल्याच फॉर्मवर नव्हता. मी तो नंबर ताबडतोब ग्रुपमधून काढला, वर्गाची लिंक बदलली, आणि बाईंना कळवलं की झालं काम.

त्यांच्या मते काम आता सुरू झालं होतं. तो कोण होता यापेक्षा इतके दिवस तो काय करत होता हे आधी पाहायला हवं, असं त्या म्हणाल्या. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर होते, आणि बहुतेक घरी दुपारभर फोन मुलांच्याच हातात असे.

त्या दुपारी त्यांनी तिसरीच्या एकूण एक घरी फोन केला. मी त्यांच्या घरी जाऊन शेजारी बसले होते, म्हणून ते सगळं ऐकलं. त्या आधी आईशी किंवा आजीशी बोलत, मग मुलाला फोनवर घेत. काय जेवलास, गृहपाठ झाला का, कुत्रीला पिल्लं झाली का. आणि मग सहज, त्याच आवाजात, ती नवीन सहेली आली होती ना, तिच्याशी काही बोलणं झालं का? घाई नाही, दरडावणं नाही. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच घरी पोलिसासारखी बोलले असते.

तीन मुलांना मेसेज आले होते. नाव काय, कितवीत आहेस, एवढंच. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, किंवा नुसता अंगठा पाठवला होता. चौथी एक मुलगी होती, ट्रक मोजणारी. ती सगळ्याची उत्तरं देत होती, जेवणाचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. सहेलीचं विचारल्यावर एकदम गप्प झाली. मग फोनची बॅटरी संपली म्हणाली आणि फोन ठेवला.

बाई उठल्या, पिशवी घेतली. "चाल. स्कूटी काढ."

मुलीचं घर किरनापूरच्या रस्त्याला, शहर संपतं तिथे होतं. वडील ठेकेदाराची गाडी घेऊन मलाजखंडच्या खाणीकडे जात, तीन-तीन, चार-चार दिवस घरी नसत. आई राईस मिलमध्ये कामाला. दिवसभर घरी मुलगी आणि तिचे आजोबा. आजोबांना कमी ऐकू यायचं. फोन वर्गासाठी म्हणून मुद्दाम घेतलेला, आणि तो तिच्याकडेच असायचा.

आम्ही पोचलो तेव्हा आई नुकतीच कामावरून आली होती आणि अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला पाहून ती गडबडली. मुलीचं काही चुकलं का, असं विचारायला लागली. बाई म्हणाल्या, काही नाही, भेटायला आलो. खाट दिली होती तरी त्या मास्क लावून खालीच बसल्या, सुपातल्या मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सोलायला लागल्या. मुलगी दाराशी उभी होती. थोड्या वेळानं तीही येऊन शेंगा सोलू लागली. कितीतरी वेळ कुणी कामाचं बोललंच नाही. मी अस्वस्थ झाले होते. मला वाटत होतं, विचारा ना एकदाचं.

मग बाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "बेटा, आज तू कुछ भी बताएगी ना, तो भी फोन तेरे पास ही रहेगा। कोई नहीं लेगा। मैं बोल रही हूँ।"

मुलीनं आईकडे पाहिलं. बाईंनीही आईकडे पाहिलं. आईला काही कळलं नव्हतं, पण तिनं मान हलवली. मुलगी आत गेली, फोन घेऊन आली आणि बाईंच्या हातात दिला.

ते सगळं मी वाचलं. आधी मैत्रीचं गोड बोलणं. तुझं घर कुठे, पप्पा कधी येतात, मम्मी किती वाजता जाते. मग शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागितला, तो तिनं पाठवला. मग घरातला मागितला, तेव्हा तिनं आजोबांच्या शेजारी बसून दारातला काढून पाठवला. मग मागणी अशी की दार लावून एकटी बस, मी व्हिडिओ कॉल करते, आणि हे आपलं गुपित, कुणाला सांगायचं नाही. पुढे काय करायचं तेही लिहिलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. ते मेसेज एखाद्या लहान मुलीचे नव्हते, हे कळायला दोन ओळीही पुरे होत्या.

आणि दार लावण्याच्या त्या मागणीला त्या आठ वर्षांच्या पोरीनं तीन दिवस एकच उत्तर दिलं होतं. 'मेरा नेट खत्म हो गया।' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'नेट खत्म हो गया।' शेवटी तर, 'दादाजी फोन पर भजन सुन रहे हैं।' ज्या आजोबांना ऐकू येत नव्हतं त्यांना तिनं भजन ऐकायला बसवलं होतं. घरात कुणालाही न सांगता, जे सुचेल त्यानं ती स्वतःला वाचवत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती अजून शेंगाच सोलत होती.

आईनं फोन घेतला, वाचला. तिचा हात वर गेला. बाईंनी तो तिथेच धरला. आई भंडाऱ्याकडची, म्हणून त्या तिच्याशी मराठीत बोलल्या.

"मारू नको तिले. तिनं काहीच केलं नाही. तिच्यासंगं कोणीतरी करून राह्यलं."

आई रडायला लागली. मी मुलीला विचारलं, मम्मीला का नाही सांगितलं? तिनं मला जे उत्तर दिलं ते मी त्यानंतर प्रत्येक पालकसभेत सांगत आले आहे.

"फोन ले लेते। फिर मैं स्कूल कैसे आती?"

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आईनं रडत रडत सांगितलं. ते गाडी बाजूला लावून बोलत होते, मागून दुसऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. सगळं पुसून टाका, फोन फोडून टाका, मी येतो, असं ते म्हणत होते. बाईंनी फोन मागून घेतला आणि त्यांना समजावलं. फोन फोडला तर वाचणार तो माणूस, आपली पोरगी नाही. एकही मेसेज पुसायचा नाही, त्याला उलट उत्तरही पाठवायचं नाही, आणि हे फोटो नातेवाइकांनाही पुढे पाठवायचे नाहीत. गाडी सावकाश चालवत या, घाई करू नका. मग ते 'जी मैडम' म्हणाले.

परतताना मी स्कूटी वैनगंगेच्या रस्त्याला थांबवली. माझ्यानं पुढे चालवेना. मी बाईंना सांगितलं की लिंक मीच स्टेटसवर लावली होती, ग्रुपचीसुद्धा. तो माणूस माझ्यामुळे वर्गात आला. त्यांना हे आधी माहीत नव्हतं. त्या मला रागावतील, निदान 'असू दे' तरी म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"तुले माहीत नव्हतं. आता माहीत झालं. आता हे लपवजो नको, म्हणजे बाकीच्यायलेही माहीत होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या आईला घेऊन आम्ही पोलिसांकडे निघालो तेव्हा संचालकांचा फोन आला. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरले होते. नंबर काढला आहे, विषय संपला, आता ठाण्यात गेलं तर शाळेचं नाव खराब होईल, पालक मुलं काढून नेतील, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची नोकरी संचालकांच्या हातात होती आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे मला माहीत होतं.

"शाळेचं नाव सांभाळायले आपण सगळे आहो सर," त्या हिंदीचा आव न आणता सरळ मराठीतच म्हणाल्या. संचालकांना मराठी समजायची. "त्या पोरीले सांभाळायले आज कोण आहे?"

आणि आम्ही गेलो. ठाण्यात महिलांसाठीच्या खोलीत एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी मुलीला बोलावलंच नाही, आईकडूनच सगळं लिहून घेतलं. फोन पाहून त्या म्हणाल्या की बहुतेक लोक रागात सगळं पुसूनच येतात, मग शोधायला काही उरत नाही. तुम्ही हे कसं राखलं? आईनं मोठ्या बाईंकडे बोट दाखवलं. तपासासाठी फोन तिथेच ठेवावा लागणार होता. बाईंनी मुलीला शब्द दिला होता. त्यांनी पिशवीतून स्वतःचा फोन काढला, सिमकार्ड बदललं आणि तो आईच्या हातात दिला. पुढचे दोन आठवडे मोठ्या बाई माझ्या फोनवरून, माझ्या छपरीत बसून वर्ग घेत होत्या, आणि मुलगी त्यांच्या फोनवरून रोज ट्रक मोजून सांगत होती.

त्यानंतर पालकांना भेटायचं ठरलं. एकत्र बोलावणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी वॉर्डावॉर्डात दहा-दहा जण बोलावले. एका वॉर्डात विहाराच्या अंगणात, दुसऱ्या वॉर्डात देवळाच्या ओट्यावर. मुलीचं नाव, घर, काहीही कळू द्यायचं नाही असं पक्कं ठरलं होतं. पहिल्याच सभेत मी उभी राहिले आणि लिंक मी कशी पसरवली ते सांगितलं. एक वडील भडकले. अशा शिक्षिकेला काढून टाकलं पाहिजे, म्हणाले. मला वाटलं, बाई आता माझी बाजू घेतील. त्यांनी ती घेतली नाही. तुमचा राग बरोबर आहे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, आता या घडीला तुमचा फोन कुठे आहे?

त्या वडिलांनी खिसा चाचपला. फोन घरी होता, मुलीजवळ. आणि मुलगी काय बघत असेल, कुणाशी बोलत असेल, ते त्यांना सांगता येईना. कुणीही हसलं नाही. बऱ्याच जणांचे हात आपापल्या खिशाकडे गेले होते.

बाईंनी त्या दिवशी मोठं भाषण केलं नाही. फोन दाराआड नको, छपरीत किंवा पुढच्या खोलीत असू द्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दिसला पाहिजे, हे सांगितलं. अनोळखी नंबर आला तर मुलानं फोन मोठ्या माणसाला नेऊन द्यायचा, हे सांगितलं. आणि एक गोष्ट त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतली. ज्या दिवशी लेकरू येऊन काही सांगेल, त्या दिवशी फोन हिसकायचा नाही. ओरडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी ओरडा, फोन काढून घ्यायचा असेल तर आठवड्यानं घ्या. पण ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी नाही. कारण सांगितल्याची शिक्षा झाली तर ते पुन्हा सांगणार नाही. काही बायकांनी लगेच मान हलवली. पुरुषांना वेळ लागला. ते भडकलेले वडील सगळ्यांत शेवटी 'ठीक है' म्हणाले, पण म्हणाले.

मी माझ्या बाजूनं शिकायला लागले. वर्गाला दार लावायची सोय त्या अॅपमध्ये पहिल्यापासून होती, मलाच ती शोधावीशी वाटली नव्हती. आता एकेक मूल दाराशी थांबे, नाव नीट लिहिलेलं असेल तरच मी त्याला आत घेई. लिंक रोज नवी, आणि ती फक्त फॉर्मवरच्या नंबरला. पालकांचे फोन पुन्हा वाजायला लागले. मी ते उचलत राहिले.

मुलांना शिकवायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. त्या वर्गात खेळ घेत. पदर तोंडावर धरायच्या, आवाज जाड करायच्या आणि अनोळखी बनून एकेकाला फोन केल्यासारखं करायच्या. बेटा, मी तुझ्या पप्पांचा दोस्त, एक फोटो पाठव. मुलं खिदळायची, पण खेळायची. कुणी म्हणायचं, मम्मी को फोन देता हूँ. एक मूल तर म्हणालं, पप्पा के दोस्त मुझसे फोटो क्यों माँगेंगे, पप्पा से माँगो. आणि एकदा भिंत दिसणाऱ्या मुलानं उलटा प्रश्न टाकला, "पहले आप बताओ, आपकी खिड़की से क्या दिख रहा है?" तेव्हा बाई इतक्या हसल्या की पदर सोडून द्यावा लागला. पुढे सगळी मुलं अनोळखी माणसाला हाच प्रश्न विचारायची.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा शंका आली तरी कशी, तुम्ही तर फोनच नुकता हातात घेतला होता. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. फोनचं मले काय कळते, त्या म्हणाल्या, मी तर लेकराले ओळखते.

शाळा पुन्हा उघडली. संचालकांनी बाईंना काढलं नाही. उलट पुढच्या वर्षी पहिल्या पालकसभेत बोलायला त्यांनाच उभं केलं. पण गुडघे साथ देईनात, म्हणून वर्षभरानं त्यांनी स्वतःच नोकरी सोडली आणि हट्ट्याजवळच्या गावी जाऊन राहिल्या.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी ठाण्यातून मुलीच्या वडिलांना बोलावणं आलं. तो माणूस दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात सापडला होता. वयानं चांगला मोठा, घरदार असलेला. आणखी काही गावांमधल्या मुलांनाही त्यानं असंच गाठलं होतं, पण बहुतेक ठिकाणी मेसेज पुसलेले होते. इथले मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जसेच्या तसे होते. मुलीचा जबाब हवा होता. ती तोवर अकरा वर्षांची झाली होती. वडील म्हणाले, हिला आता पुन्हा त्यात ओढायचं नाही. मुलगीच म्हणाली, मी सांगते, पण बड़ी मैडम आल्या पाहिजेत.

बाई सकाळच्या बसनं आल्या. मी सुट्टी काढली. मुलगी आईबरोबर आत गेली, आम्ही तिघं, बाई, वडील आणि मी, बाहेर निंबाच्या झाडाखाली बाकावर बसलो. जवळपास तासभर लागला. वडील सारखे उठत होते, बसत होते. बाईंनी त्यांना एकदा चहा आणायला पाठवलं, एकदा पाणी आणायला. मग मुलगी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं सांगितलं की जे विचारलं ते सगळं सांगितलं, आणि भूक लागली आहे.

त्या माणसाचं पुढे नेमकं काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. खटला तिकडे चालला. तारखा वडिलांना कळत, आम्हाला नाही. तो तुरुंगात आहे एवढं त्यांनी नंतर सांगितलं.

आम्ही सगळे बसस्टँडजवळच्या हॉटेलात समोसे खायला गेलो. मुलीनं दोन खाल्ले. तिसरा हातात घेऊन ती बाईंकडे बघत राहिली आणि विचारलं, "मैडम, उस दिन आपको डर लगा था?"

मला वाटलं, बाई नाही म्हणतील. लहान मुलांना आपण असंच सांगतो.

"हौ," त्या म्हणाल्या, "बहुत लगा था। रास्ते भर लगा। तुझे?"

मुलीनं थोडा विचार केला. "मुझे आप आईं उसके बाद नहीं लगा," ती म्हणाली, आणि समोसा खायला लागली.

बाहेर हट्ट्याची बस लागली होती. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गुडघा धरत धरत पायरी चढून बसमध्ये जाऊन बसल्या.